बोटीने जाणारा माल : करारातील शब्द समजून घ्या



आपला माल बोटीने परदेशी जातो, याचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. निफाड-दिंडोरीची द्राक्षे, लासलगावकडचा कांदा, सोलापूरकडचे डाळिंब न्हावाशेव्याच्या बंदरातून बाहेर जाते. पूर्वी माल बांधावरून व्यापारी नेत असे आणि पुढचे त्याचे तो बघत असे. आता शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या स्वतः निर्यातीत उतरू लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण व्यापाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे त्यामुळे आपल्या डोक्यावर आले आहे, हेही ओळखले पाहिजे.

या व्यवहाराचे कागद बहुधा इंग्रजीत असतात. त्यात एफ.ओ.बी., सी.आय.एफ., डेमरेज, बिल ऑफ लेडिंग असे शब्द येतात. "हे नेहमीचंच असतं, करा सही," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु याच दोन-चार अक्षरांवर किलोमागे दहा-वीस रुपये इकडचे तिकडे होतात. म्हणून या पत्रकात हे शब्द एकेक करून, आपल्या बाजार समितीच्या भाषेत समजून घेऊ.

भाव कुठला, ते आधी पाहा

तुम्ही कांदा विकता तेव्हा 'जागेवरचा भाव' आणि 'मार्केटला पोच भाव' यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. जागेवर विकला तर भाडे, हमाली घेणाऱ्याची. पोच दिला तर ती आपली. बोटीच्या व्यवहारातही हेच आहे, फक्त टप्पे जास्त आहेत. हे टप्पे ठरवणारे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ साली प्रथम छापले. त्यांना 'इन्कोटर्म्स' म्हणतात. सध्या २०२० ची आवृत्ती वापरात असून तिच्यात अशा ११ संज्ञा आहेत. आपल्याला नेहमी लागणाऱ्या पाच अशा :

एक्स वर्क्स : हा आपला जागेवरचा भाव. माल आपल्या पॅकहाऊसमध्ये तयार ठेवायचा. उचलण्यापासून सारे काही घेणाऱ्याने करायचे.

एफ.ओ.बी. : माल आपल्या बंदरात बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आपला. ट्रकचे भाडे, कस्टमचे कागद, बंदरातील हमाली हे सर्व यात आले. बोटीचे भाडे घेणाऱ्याचे.

सी.एफ.आर. : वरील सर्व खर्च, आणि शिवाय परक्या बंदरापर्यंतचे जहाजभाडेही आपले. जुने लोक याला सी. अँड एफ. म्हणतात.

सी.आय.एफ. : सी.एफ.आर. मध्ये मालाचा विमा मिळवला की सी.आय.एफ. झाला.

डी.डी.पी. : घेणाऱ्याच्या दारापर्यंत पोच, तिकडची जकातसुद्धा आपण भरून. नव्या गटाने या वाटेला जाऊ नये. तिकडच्या सरकारचे कर आपल्याला इथे बसून सांभाळता येत नाहीत.

कांदा उत्पादकांनी एफ.ओ.बी. हा शब्द तर पक्का ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावले होते, तो आकडा एफ.ओ.बी. चाच होता. म्हणजे त्या आकड्यात बोटीचे भाडे नसते. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि नंतर लावलेले निर्यात शुल्कही १ एप्रिल २०२५ पासून गेले. अशा बातम्या रेडिओवर ऐकताना 'इतके डॉलर' म्हणजे कुठपर्यंतचे डॉलर, हे समजले पाहिजे.

हिशेब करून पाहू

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

समजा, एका कंटेनरमध्ये १३,००० किलो द्राक्षे बसली. एक खरेदीदार म्हणतो, एफ.ओ.बी. १०० रुपये किलो. दुसरा म्हणतो, सी.आय.एफ. १२५ रुपये किलो. ऐकायला दुसरा भाव चांगला वाटतो. आता त्यातून खर्च वजा करा. बोटीचे भाडे २,६०,००० रुपये, म्हणजे किलोला २० रुपये. विमा १३,००० रुपये, म्हणजे किलोला १ रुपया. राहिले १०४ रुपये. म्हणजे दुसरा भाव खरोखरी ४ रुपयांनी चांगला आहे.

पण करार डिसेंबरात झाला आणि बोट फेब्रुवारीत निघाली. दरम्यान भाडे दुप्पट झाले, तर? मग किलोला ४० रुपये भाडे जाईल आणि हाती ८४ रुपये राहतील. पहिल्या खरेदीदाराचे १०० रुपये मात्र तसेच राहिले असते.

भाडे असे एकाएकी दुप्पट होते का? होते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडली आणि आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जहाजे नेली. युरोपला जायला एरवी तीन-साडेतीन आठवडे लागतात, त्यात दहा ते चौदा दिवसांची भर पडली आणि भाडी खूप चढली. २०२४ च्या हंगामात आपल्या द्राक्ष निर्यातीला याचा मोठा फटका बसला. म्हणून सी.एफ.आर. किंवा सी.आय.एफ. भाव कबूल करण्यापूर्वी जहाजभाडे किती तारखेपर्यंत पक्के आहे, ते लेखी घ्यावे.

धोका कुणाच्या माथी

येथे पुष्कळांची गफलत होते. सी.आय.एफ. मध्ये भाडे आपण भरतो, म्हणून माल तिकडे पोहोचेपर्यंत जबाबदारी आपली, असे वाटते. नियम तसा नाही. एफ.ओ.बी., सी.एफ.आर. आणि सी.आय.एफ. या तिन्हींत माल बोटीवर चढला की धोका घेणाऱ्याकडे जातो. पुढे समुद्रात काही झाले तर विम्याचा दावा त्याने करायचा. मात्र माल मुळातच गरम भरला किंवा मालातच खोट होती, तर ती आपल्याच अंगावर येते.

आणखी एक बारकावा आहे. कंटेनर आपण थेट बोटीवर नेत नाही, बंदराच्या आवारात देतो. तेथून बोटीवर चढेपर्यंत तो एक-दोन दिवस पडून राहू शकतो. एफ.ओ.बी. असेल तर त्या दिवसांचा धोका आपला. म्हणून कंटेनरच्या मालाला 'एफ.सी.ए.' ही संज्ञा जास्त योग्य समजली जाते. तीत ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आपली जबाबदारी संपते. खरेदीदाराला विचारून पाहायला हरकत नाही.

कंटेनर आणि त्याची भाषा

पोलादी पेट्यांतून माल नेण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले, तेथून या पद्धतीने जोर धरला. आपल्याकडे न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, त्याचे मुख्य काम कंटेनरचेच आहे.

टी.ई.यू. : २० फुटी पेटी म्हणजे एक टी.ई.यू. ४० फुटी म्हणजे दोन. बंदराची आणि जहाजाची क्षमता याच मापात सांगतात.

रीफर : थंड कंटेनर. द्राक्षासाठी बहुधा ४० फुटी, साडेनऊ फूट उंचीचा घेतात. त्याला उंच म्हणून 'हाय क्यूब' म्हणतात.

एफ.सी.एल. आणि एल.सी.एल. : पूर्ण कंटेनर आपलाच असेल तर एफ.सी.एल. चार जणांचा माल एकत्र भरला तर एल.सी.एल. नाशवंत मालाला दुसरी पद्धत सोयीची नाही. एकाचा माल अडला की सगळ्यांचा अडतो.

सी.एफ.एस. : बंदराजवळचे गोदाम, जिथे कंटेनर भरतात, रिकामे करतात आणि कस्टमची तपासणी होते.

सील : दार बंद केल्यावर लावतात ते क्रमांकाचे कुलूप. कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे व सात आकडे असा असतो. कंटेनरचा आणि सीलचा क्रमांक आपल्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा, दाराचा फोटोही काढा.

व्ही.जी.एम. : भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन. १ जुलै २०१६ पासून हे वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत.

कट ऑफ : बोटीसाठी कंटेनर बंदरात घेण्याची शेवटची वेळ. ही चुकली की बोट चुकली. काढणीचा दिवस पंचांग पाहून ठरवू नये, कट ऑफ पाहून उलट्या बाजूने ठरवावा.

रीफरबद्दल एक गोष्ट गाठ मारून ठेवा. रीफरचे यंत्र थंड माल थंड राखते. गरम माल थंड करण्याची त्याची ताकद नाही. द्राक्ष काढल्यापासून चार ते सहा तासांत प्रीकूलिंगला गेले पाहिजे आणि मण्याच्या आतले तापमान उतरल्यावरच पेट्या कंटेनरमध्ये भरल्या पाहिजेत. प्रवासात तापमान शून्य अंशाच्या आसपास आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी लागते. थंड हवा खालच्या खाचांतून येते आणि मालातून वर जाते. म्हणून आतल्या भिंतीवरील लाल रेघेच्या वर पेट्या रचू नयेत, नाहीतर हवेची वाट बंद होते. ट्रकवर असताना यंत्राला वीज देणारा जनरेटर चालू आहे ना, तेही पाहावे. घाटात तो बंद पडला तर जागेवर कुणाला कळत नाही, कळते ते रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर. पेट्यांमध्ये तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवले तर चूक कोणत्या टप्प्यावर झाली, त्याचा पुरावा हाती राहतो.

बिल ऑफ लेडिंग : बोटीची बिल्टी

ट्रकने माल पाठवला की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी देतो. तशीच जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. पण या कागदाचे वजन बिल्टीपेक्षा जास्त आहे. तो तीन कामे करतो. एक, माल मिळाल्याची पावती. दोन, वाहतूक कराराचा पुरावा. तीन, मालाच्या हक्काचा कागद. ज्याच्या हाती अस्सल बिल, त्याला तिकडे माल मिळतो. याविषयीचा आपल्याकडचा कायदा १८५६ चा होता, त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा झाला.

म्हणूनच पैसे पदरात पडेपर्यंत, किंवा बँकेमार्फत पैशाची सोय पक्की होईपर्यंत, अस्सल बिल परस्पर खरेदीदाराला पाठवू नये. कागद बँकेमार्फत पाठवले तर खरेदीदाराने पैसे भरल्यावर बँक त्याला कागद देते. याला डी.पी. म्हणतात. पुढची तारीख कबूल करून लगेच कागद नेण्याच्या पद्धतीला डी.ए. म्हणतात. ती उधारीच आहे. खरेदीदाराच्या बँकेने आधीच हमी दिली तर तिला लेटर ऑफ क्रेडिट म्हणतात. 'टेलेक्स रिलीज' म्हणजे अस्सल कागद इकडेच परत देऊन तिकडे बिनकागदी माल सोडण्याची परवानगी. ती देताना दहा वेळा विचार करावा.

बिलावर 'क्लीन' शब्द महत्त्वाचा. माल वरून ठीक दिसला, असा त्याचा अर्थ. पेट्या फुटक्या, ओल्या असा शेरा पडला तर ते 'क्लॉज्ड' बिल झाले. बँक सहसा असे बिल घेत नाही.

शिपिंग बिल मात्र वेगळे. ते कस्टमसाठी आपण भरायचे निर्यातीचे कागद. नावे सारखी वाटतात म्हणून घोटाळा करू नका. फळभाजीच्या मालाबरोबर पीक संरक्षण खात्याचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रही लागते. मालात कीड-रोग नाही, याचा तो दाखला.

भाड्याशिवायचे खर्च

बाजार समितीत जशी हमाली, तोलाई असते, तशी बंदरातही असते. तिला टी.एच.सी. म्हणतात. इंधनाच्या दरातील चढउतार म्हणून जहाज कंपनी वेगळा आकार लावते, त्याला बी.ए.एफ. किंवा बंकर आकार म्हणतात. हंगामात गर्दीचा, युद्धाच्या वाटेवर धोक्याचा असे आणखी आकार निघतात. फॉरवर्डर, म्हणजे आपल्या वतीने जहाजात जागा ठरवणारा, भाव सांगतो तेव्हा "यात सगळं आलं का?" एवढे विचारून भागत नाही. प्रत्येक आकार वेगळा लिहून मागा.

सर्वांत जास्त डोळा ठेवावा तो डेमरेज आणि डिटेन्शन या दोन खर्चांवर. भरलेला कंटेनर मोफत मुदतीपेक्षा जास्त दिवस बंदरात पडून राहिला तर डेमरेज लागते. कंटेनर बाहेर नेला आणि वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन लागते. दोन्हींचा दर रोजचा असतो आणि दिवस वाढतील तसा तोही चढत जातो. रीफरला विजेचे पैसे आणखी वेगळे. समजा मोफत मुदत ५ दिवसांची आहे आणि तपासणीत माल १५ दिवस अडकला, तर १० दिवसांचे डेमरेज आणि वीज कुणी भरायची? करारात लिहिले नसेल, तर भांडण ठरलेले आहे.

२०१० साली हे आपण अनुभवले. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल बंदरांत अडकून पडला, नाकारला गेला आणि अनेक बागायतदार कर्जात गेले. ज्या देशात माल जाणार, तेथील अंशमर्यादा कोणती आणि चाचणीत तो घटक धरला आहे का, हे फवारणीपूर्वीच पाहावे. अपेडाच्या 'ग्रेपनेट' व्यवस्थेत २००६ पासून प्लॉटची नोंद होते, त्यामुळे पेटीवरून माल कुठल्या बागेतला, हे शोधता येते. तुमच्या फवारणीच्या वहीला किंमत आहे ती यामुळे.

विमा आणि त्यातल्या फटी

समुद्री विम्याचे ए, बी आणि सी असे तीन प्रकारचे नियम असतात. ए मध्ये संरक्षण सर्वांत जास्त, सी मध्ये सर्वांत कमी. सी.आय.एफ. मध्ये किमान सी इतका विमा दिला तरी नियमात बसते. विम्याची रक्कम सहसा सी.आय.एफ. किमतीवर १० टक्के वाढवून धरतात.

आता फट कुठे आहे ते ऐका. ए प्रकारातसुद्धा केवळ उशिरामुळे झालेले नुकसान भरून मिळत नाही. बोट दोन आठवडे उशिरा पोहोचली आणि देठ सुकले, तर विमा कंपनी हात वर करते. रीफरचे यंत्र बिघडल्याचे नुकसान वेगळे कलम घेतले तरच मिळते. विमा घेतला म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नका. कोणते कलम आहे, ते एजंटाकडून मराठीत समजून घ्या. खरेदीदार बुडाला किंवा त्याने पैसेच दिले नाहीत, तर समुद्री विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी सरकारच्या ई.सी.जी.सी. या कंपनीचा पतविमा वेगळा घ्यावा लागतो.

'जनरल अ‍ॅव्हरेज' हा शब्दही बिलावर असतो. जहाज संकटात सापडले आणि सर्वांचा माल वाचवण्यासाठी खर्च करावा लागला, तर तो सर्व मालकांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा हा फार जुना रिवाज आहे. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, ते २९ मार्चला सुटले. त्याच्या मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले. ज्यांच्या पेट्यांना ओरखडाही नव्हता, त्यांनाही वर्गणीची हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

कन्साइनमेंट म्हणजे काय

द्राक्षात हा शब्द फार चालतो. कन्साइनमेंट म्हणजे आडतीवर माल पाठवणे. भाव आधी ठरत नाही. तिकडे विकेल त्यातून भाडे, गोदाम, कमिशन वजा जाता उरेल ते आपले. म्हणजे धोका शेवटपर्यंत आपलाच. अशा व्यवहारात किमान हमीभाव लिहून घ्यावा आणि विक्रीचा तपशीलवार हिशेब किती दिवसांत मिळणार, तेही लिहून घ्यावे. माल खराब निघाला असे तिकडून कळवले, तर त्रयस्थ तपासनिसाचा अहवाल मागावा. त्याला 'सर्व्हे रिपोर्ट' म्हणतात. नुसत्या फोनवर कपात मान्य करू नये.

सही करण्यापूर्वी विचारा

१. भाव कोणत्या संज्ञेत आहे, आणि तिच्यापुढे बंदराचे नाव लिहिले आहे का? नुसते 'सी.आय.एफ.' अपुरे आहे, 'सी.आय.एफ. रॉटरडॅम' हवे.
२. जहाजभाडे कोणत्या तारखेपर्यंत पक्के? वाढले तर कुणाचे?
३. बोट सुएझमार्गे जाणार की आफ्रिकेला वळसा घालून? वाटेत दुसऱ्या बोटीत माल बदलणार का?
४. मोफत दिवस किती? डेमरेज व डिटेन्शन कुणाकडे?
५. विमा कोणत्या प्रकारचा? रीफरच्या बिघाडाचे कलम आहे का?
६. अस्सल बिल ऑफ लेडिंग कुणाकडे जाणार, आणि पैसे कोणत्या दिवशी मिळणार?
७. तक्रार असल्यास ती किती दिवसांत, कोणत्या पुराव्यानिशी करायची?

या सातही प्रश्नांची उत्तरे कागदावर आली, तरच सही करावी. एखाद्या शब्दाचा अर्थ लागत नसेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा बँकेच्या निर्यात विभागात कागद घेऊन जा आणि विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. वर्षभर बाग सांभाळताना आपण प्रत्येक घड हाताळून पाहतो. करारातले शब्दही तसेच एकेक पाहून घ्यावेत.

हे पत्रक गटाच्या फाइलमध्ये लावून ठेवा आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा.